वहिनी हो म्हणाल्या होत्या

बैठक रविवारी अकराला ठरली होती आणि तिन्ही भावंडं पावणेअकरालाच येऊन बसली. या घरात असं आजवर घडलं नव्हतं. मोठा भाऊ होता तेव्हा तो सगळ्यांना अर्धा तास आधीची वेळ सांगायचा, तेव्हा कुठे मंडळी वेळेवर जमायची. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. आज सगळे आपणहून लवकर आले, कारण वहिनी आपल्या बाजूने आहेत याची प्रत्येकाला पक्की खात्री होती.

आणि वहिनी जिकडे, तिकडे अर्धा बर्फाचा कारखाना. मोठ्या भावाचा हिस्सा त्यांच्या नावावर होता. त्यांच्या सहीशिवाय तिथला एक खिळाही हलत नसे.

जमायची जागा नेहमीचीच, कारखान्याचं ऑफिस. एक टेबल, पाच खुर्च्या, रस्त्याकडे एक खिडकी. पलीकडच्या खोलीत कॉम्प्रेसर. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे तिच्यावरचं कॅलेंडर दिवसभर थरथरत असे आणि टेबलावर ठेवलेला पेला आपोआप सरकत कडेला येई. वहिनी त्याच्याकडे न बघता तो मागे ढकलत. बावीस वर्षं त्या त्याच खुर्चीत बसून लाद्यांच्या ऑर्डरी घेत आल्या होत्या.

मधला भाऊ हात पुसत आत आला. त्याला घरात आणि बाहेरही सगळे मिस्त्री म्हणत. कॉम्प्रेसर त्याच्या ताब्यात होता आणि तो आता म्हातारा झाला होता, म्हणजे कॉम्प्रेसर. मिस्त्रीला नवा हवा होता, आणि त्याचं पाणी गार करायचं सामान कारखान्याच्या माळ्यावर बसवायचं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्याने वहिनींना यंत्राशेजारी उभं करून सगळं समजावलं होतं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे, भावजी." हे वाक्य मिस्त्रीला आयुष्यात फार कमी लोकांनी ऐकवलं होतं. त्या दिवशी तो चार घास जास्त जेवला.

धाकट्याच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. तो शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून मास्तर. कारखाना बंद करून तिथे मुलांसाठी अभ्यासिका काढायची असं त्याच्या मनात होतं, आणि त्याचा नकाशा त्याने चार रंगांच्या पेन्सिलींनी काढला होता. निळं म्हणजे पिण्याचं पाणी. वहिनींना त्याने तो सव्वा तास समजावला होता, पेनाचं टोपण दातांत धरून. त्या म्हणाल्या होत्या, "छानच! बघू या की."

तिसरी म्हणजे बहीण. ती इस्पितळात नर्स होती आणि तिचे सख्खे भाऊही तिला सिस्टर म्हणत. हे नातं की हुद्दा, ते बाहेरच्यांना कधी कळत नसे. तिला माळा हवा होता, राहायला. ती वहिनींशी फोनवर बोलली होती आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "हो हो, या की."

"वहिनींसारखं ऐकून घेणारं माणूस नाही," सिस्टर खुर्चीत बसता बसता म्हणाली.

"अगदी," मास्तर म्हणाला.

"प्रश्नच नाही," मिस्त्री म्हणाला.

तिघांचं एकमत झालेलं ते आजचं पहिलं वाक्य, आणि बराच वेळ तरी शेवटचं.

वहिनी आल्या. त्यांच्यामागे त्यांची लेक ठकी. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला होती, त्यामुळे कुणी हसलं की तिची नजर आधी दातांवर जाई. गेले तीन आठवडे ती भलतीच खुशीत होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं, म्हणून खुशीत असेल असं सगळे धरून चालले होते.

"सुरुवात मी करतो, कारण फारसं बोलायचंच नाहीये," मिस्त्री म्हणाला. "नव्या कॉम्प्रेसरचं वहिनींशी बोलणं झालंय. त्या हो म्हणाल्यात."

"कशाला?" मास्तर म्हणाला. "कारखाना बंदच करायचाय तर नवा कॉम्प्रेसर कशाला? वहिनी मला हो म्हणाल्यात."

"एक मिनिट," सिस्टर म्हणाली. "माळ्यावर कुणी काही बसवायचं नाही. माळा माझा आहे. मी पडदे शिवायला टाकलेत!"

"पडदे?"

"फिकट हिरवे."

मग तिघेही एकदम बोलू लागले. मास्तरने नकाशा टेबलावर पसरला, मिस्त्रीने त्याच्यावर तेलकट हात ठेवला, सिस्टर उभी राहिली.

वहिनींना त्या वेळी ऐकू येत होती भिंतीपलीकडची घरघर आणि तिच्यावर तरंगणारे शब्दांचे तुकडे. कुणीतरी 'माळा' म्हणत होतं. की शाळा? टाळा? मास्तरच्या तोंडात टोपण होतं. मिस्त्री खाली बघून बोलत होता. सिस्टरच्या मागे खिडकी, त्यामुळे तिचा चेहरा म्हणजे नुसती काळी सावली. वहिनींकडे अशा वेळेसाठी चार उत्तरं तयार असत: 'अगं बाई', 'खरंच?', 'तुमचं बरोबर आहे' आणि 'बघू या की'. चारांवर त्यांनी चार वर्षं निभावली होती. ती कुठे वापरायची ते समोरच्याच्या भुवयांवरून ठरवायचं. पण आता भुवया सहा होत्या आणि सहाही वेगवेगळ्या दिशेला.

"वहिनी," मिस्त्री त्यांच्याकडे वळून ओरडला, "तुम्ही मला हो म्हणालात की नाही?"

हे नीट कळलं. "हो," वहिनी म्हणाल्या.

"आणि मला?" मास्तर.

"हो की."

"आणि मला?" सिस्टर.

वहिनींनी हसून मान हलवली. "हो हो."

भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं थरथरत राहिलं. तिन्ही भावंडं एकमेकांकडे पाहू लागली. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेली ही तिघं आता सरकत सरकत टेबलाच्या एका बाजूला आली आणि दुसऱ्या बाजूला वहिनी एकट्या उरल्या.

"म्हणजे तुम्ही आम्हाला खेळवत होतात?" सिस्टर म्हणाली.

"प्रत्येकाला गोड बोलून झुलवत ठेवायचं, आणि सही करायची ती शेवटी आपल्या मनासारखी!" मास्तर म्हणाला. टोपण त्याच्या तोंडातून खाली पडलं.

मिस्त्रीला खरंच लागलं होतं. ते चार घास त्याला आठवले.

आपल्यावर कुणीतरी चिडलंय एवढं वहिनींना दिसलं. कशावरून, ते कळेना. त्यांनी 'अगं बाई' काढायचं ठरवलं, तेवढ्यात ठकी आईच्या आणि काकांच्या मध्ये येऊन उभी राहिली, तोंड आईकडे करून.

"आईला खोटं म्हणायचं नाही," ती म्हणाली. "ती मनात एक आणि तोंडात एक असं करत नाही. मला विचारा ना! मी तिला सांगितलं मला हे लग्न मोडायचंय, तर तिने एक प्रश्न विचारला नाही. 'बरं झालं' म्हणाली. एवढंच. दुसरी कुठली आई असं म्हणेल?"

ती उभी होती तिथे खिडकी बाजूला पडत होती आणि उजेड ठकीच्या तोंडावर होता. वहिनींना शब्द न् शब्द दिसला.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

हे दोन शब्द त्यांनी चार वर्षांत कुणालाही म्हटले नव्हते.

"तूच म्हणालीस ना आई, बरं झालं म्हणून. तू भांडी घासत होतीस तेव्हा. तीन आठवडे झाले. मला वाटलं, त्यांना तूच कळवशील."

वहिनी टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "मी काल तुझ्या लग्नाच्या तीनशे पत्रिका छापायला दिल्या," त्या म्हणाल्या. "नळ चालू होता गं. मला वाटलं, तू म्हणालीस मोड आलेत. मटकीला."

कुणी हसलं नाही. म्हणजे मास्तरला हसू आलं होतं, पण सिस्टरने त्याचा दंड धरला.

"मला ऐकू येत नाही," वहिनी म्हणाल्या. "अगदीच येत नाही असं नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. पाचेक वर्षं झाली. तुमचे दादा होते तोवर चालून गेलं. ते माझ्याकडे बघून बोलायचे, काहीही बोलायचं असलं तरी आधी समोर येऊन उभे राहायचे. ते गेले आणि मग सगळे पाठमोरे बोलायला लागले."

"मग सांगायचं नाही का?" मिस्त्री म्हणाला.

"ऑफिसची किल्ली नुकतीच माझ्याकडे आली होती. म्हटलं, सांगितलं तर म्हणाल, वहिनींना आता झेपत नाही. आणि खरं सांगू? मी मान हलवायला लागले तसे सगळे माझ्याकडे यायला लागले. वहिनी किती छान ऐकतात! आधी कुणी येत नव्हतं. तेव्हा मी मध्ये मध्ये बोलायची ना."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "म्हणजे त्या मासळीवाल्याने साठ लाद्या सांगितल्या होत्या..."

"मी सात पाठवल्या."

"आणि मी त्याच्याशी भांडलो! त्यालाच म्हटलं, तुझी जीभ जड आहे!"

सिस्टर खाली बसली होती. रोज एवढे रोगी तपासायला मदत करणारी आपण, आणि घरातल्या माणसाचं आपल्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट तिला बोचत होती. त्यावर उपाय म्हणून ती उठली, वहिनींच्या कानाशी गेली आणि सगळी ताकद लावून ओरडली, "व... हि... नी! मं... ग... ळ... वा... री... का... न... त... पा... सू... न..."

"वन्सं, ओरडू नका," वहिनी म्हणाल्या. "ओरडलात की शब्द फुटतात आणि तुम्ही चिडल्यासारख्या दिसता. आणि कानात बोललात तर मला तोंड कसं दिसणार? समोर या. साधं बोला."

सिस्टर समोर आली. "मंगळवारी कान तपासून घेऊ. मी बरोबर येते."

"येते मी," वहिनी म्हणाल्या. "बघा, कळलं."

मग त्यांनी जे केलं ते या घरात कुणी त्यांच्याकडून कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि खिडकीला पाठ लावून ठेवली, म्हणजे उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडेल. "भावजी, ते यंत्र तासभर बंद राहिलं तर लाद्यांना काही होतं का?"

"तासाभराने काही होत नाही."

"मग बंद करा."

मिस्त्री गेला. घरघर खाली खाली येत थांबली आणि कॅलेंडर भिंतीला चिकटून स्तब्ध झालं. आपण इतकी वर्षं या खोलीत सगळेच ओरडून बोलत होतो, हे तेव्हा प्रत्येकाच्या ध्यानात आलं. मास्तर खाकरला तर तो केवढ्यानं खाकरल्यासारखा वाटला.

"आता एकेकाने," वहिनी म्हणाल्या. "मला जे सांगितलंत ते सगळं परत सांगा. आधी विषय सांगायचा, मग बाकीचं. तोंडावर हात नाही, तोंडात टोपण नाही. मला कळलं नाही तर तेच वाक्य परत म्हणू नका, दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि एक. 'जाऊ दे, काही नाही' असं कुणी म्हणायचं नाही. त्याचा मला सगळ्यात राग येतो."

मास्तरने नकाशा सरळ केला. "तर वहिनी, आजच्या काळात एकूण परिस्थितीचा विचार करता, एकीकडे मुलांची..."

"विषय," वहिनी म्हणाल्या.

"विषय... अभ्यासिका. म्हणजे, मूळ मुद्दा असा की..." त्याने पुढे तोंड उघडलं, मिटलं. वहिनी त्याच्या ओठांकडे इतक्या एकाग्रतेने बघत होत्या की प्रस्तावना करायची त्याला लाज वाटली. "मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय," तो म्हणाला. "मला घरी बसायची भीती वाटते."

"तुम्हाला घरी बसायची भीती वाटते," वहिनींनी म्हणून दाखवलं. "असंच म्हणालात ना?"

"हो."

"मला नकाशाचं काहीतरी वाटलं होतं."

मिस्त्री उंबऱ्यातच उभा होता आणि बोलताना सवयीने जमिनीकडे बघत होता. वहिनींनी टेबलावर बोटाने दोनदा वाजवलं, तसं त्याने डोकं वर केलं. "कॉम्प्रेसरमधून गॅस गळतो," तो म्हणाला. "वास येतो. दादा होता तेव्हा आम्ही दोघे होतो. आता आत मी एकटा असतो. एखाद दिवशी काही झालं तर..." त्याने परत मान खाली घातली.

"शेवटचं दिसलं नाही."

त्याने मान वर केली. त्याचे डोळे ओले होते. "म्हटलं, मला एकट्याला भीती वाटते, वहिनी."

"तुलाही?" मास्तर म्हणाला. दोघा भावांनी वीस वर्षांत एकमेकांना विचारलेला हा पहिला खरा प्रश्न असावा.

"आणि तुम्ही कानाला काही लावता का आत?" सिस्टरने विचारलं.

"काय?"

"कानाला! काही लावता का?"

"मला येतं ऐकू," मिस्त्री म्हणाला.

"मंगळवारी आपण तिघं जातोय," सिस्टर म्हणाली.

तिची पाळी आली तेव्हा ती पदराशी चाळा करू लागली. "विषय, आमचे हे," ती म्हणाली. "रिटायर झालेत. दिवसभर घरात असतात. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर त्यांनी चिठ्ठ्या लावल्यात. मी साखर घेतली की वहीत लिहितात. मला आठवड्यातून दोन दिवस तरी कुठेतरी जायला हवं, वहिनी, नाहीतर मी त्यांना त्या डब्यात घालीन."

या खेपेला सगळे हसले, वहिनी सगळ्यात जोरात, आणि हसल्या त्या बरोबर वेळेवर.

अर्ध्या तासात बरंच काही ठरलं आणि थोडं राहिलं. नवा कॉम्प्रेसर घ्यायचा, हे मास्तरनेच मान्य केलं, कारण गळतीची गोष्ट त्याला कुणी आजवर सांगितली नव्हती. ऑफिसातला फोन शाळा सुटल्यावर मास्तरने घ्यायचा आणि निवृत्तीनंतर दिवसभर. "उमेदवारीवर," मास्तर जरा फुगून म्हणाला, पण लगेच वहिनींच्या टेबलाचे खण उघडून बघू लागला. माळ्याचं मात्र अडलं. मिस्त्रीचं सामान आणि हिरवे पडदे एका माळ्यावर नांदतील का, यावर दोघांनी फूटपट्टी घेऊन वर जायचं ठरवलं आणि जिन्यातच भांडायला लागले.

ऑफिसात वहिनी आणि ठकी उरल्या. मास्तर होता, पण तो खणात डोकं घालून होता.

"तुझं राहिलं," वहिनी म्हणाल्या. "समोर बस."

ठकी बसली. "आता काय सांगू? तू हो म्हणालीस ते खोटंच होतं."

"तेव्हा ऐकू आलं असतं तर मी काय म्हणाले असते माहितीये? वेड लागलंय का, म्हणाले असते. पत्रिकेचा कागद निवडून झालाय, म्हणाले असते."

"माहितीये. म्हणून तर तू 'बरं झालं' म्हणालीस तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. मला वाटलं, मी आईला ओळखलंच नव्हतं."

वहिनींनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "मुलगा वाईट आहे का?"

"नाही. चांगला आहे. फक्त बोलत असतो. मी मान हलवते. गेल्या महिन्यात दोन तास भेटलो, त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही, मी आपली मान हलवतेय. मला ऐकू येतं, आई. तरी हलवतेय." ती थांबली. "जाऊ दे, काही..."

"म्हणायचं नाही ठरलंय."

"मला असं चाळीस वर्षं नाही करायचं."

वहिनींनी ते वाक्य हळूहळू म्हणून दाखवलं आणि ठकीने मान डोलावली. पलीकडच्या खोलीत यंत्र अजून बंद होतं.

"पक्कं?" वहिनींनी विचारलं.

"पक्कं."

"मग आजच जाऊ. फोनवर नको, फोनवर मला पत्ता लागणार नाही ते काय म्हणतात त्याचा. भावजी!" मास्तरने खणातून डोकं वर काढलं. "छापखान्याला फोन लावा. पत्रिका थांबवा म्हणावं."

फोनवरचं ते मास्तरचं पहिलं काम. तो दोन मिनिटं बोलला, मग रिसीव्हरवर हात ठेवून वहिनींच्या समोर येऊन, टोपण खिशात घालून म्हणाला, "विषय पत्रिका. शंभर छापून झाल्यात."

"मागची बाजू कोरी आहे ना?"

"आहे."

"मग आणा. लिहून दाखवायला होतील."

संध्याकाळी साडेपाचला मायलेकी मुलाच्या घरी पोचल्या. बरोबर यायला तिन्ही भावंडं तयार होती. मिस्त्रीने तर शर्टही बदलला होता. वहिनींनी तिघांनाही नाही म्हटलं. दार मुलाच्या वडिलांनी उघडलं. अघळपघळ, आतिथ्यशील माणूस. "या या या," म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि आत चालता चालता मोठ्या कौतुकाने काहीतरी बोलू लागले. त्यांचा आवाज बोळातून पुढे गेला आणि वहिनींपर्यंत त्यातली नुसती गुणगुण आली.

ठकीने आईकडे पाहिलं. वहिनींची मान हलायला लागली होती. ती अर्ध्यावर थांबली.

"अहो, थांबा," वहिनी म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं. इकडे तोंड करून बोला."

गृहस्थ गोंधळले. वळले. दोन पावलं मागे आले, शर्टाची कॉलर सारखी केली आणि एखाद्या मुलाने कविता म्हणावी तसे हात खाली सोडून स्पष्ट म्हणाले, "चहा टाकायला सांगू का, असं विचारत होतो."

"नको," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या मुलाला बाहेर बोलवा आणि दिवा लावा. माझ्या मुलीला काहीतरी सांगायचंय, आणि ते आपण सगळ्यांनी नीट ऐकायचंय."